आवाजासाठी एवढं लटांबर कशाला? पाइपवायर, पल्सऑडिओ आणि नको असलेली पॅकेजं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक असेल तर इथेच कळेल. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्सचं डेबियन १२ हे वितरण आणि ग्नोम हा डेस्कटॉप. गाणी ऐकायची आणि ब्राउझर वापरायचा, एवढीच अपेक्षा. पॅकेजांची यादी चाळताना पाइपवायर, त्याच्या जोडण्या लावणारं वायरप्लंबर, लिबपल्स, आरटीकिट, स्पीच-डिस्पॅचर अशी नावं दिसली. 'मला तर नुसता आवाज हवाय' म्हणून नावात पाइपवायर असलेलं सगळं पर्ज केलंत, म्हणजे मुळासकट काढलंत, पाठोपाठ ऑटोरिमूव्ह चालवलंत, आणि रीबूट केल्यावर डेस्कटॉपच गायब. मग आइसडब्ल्यूएम हा हलका विंडो मॅनेजर टाकून काम चालू केलंत. आता एमपीव्ही या प्लेअरमध्ये गाणी वाजतात, पण मोझिलाच्या साइटवरून उतरवलेला फायरफॉक्स मुका. तुमचं म्हणणं: एवढं लटांबर लागतंच का? आणि फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर गेलो तर सुटेन का?

फ्रीबीएसडीवर गेलात तर थोडे सुटाल, पण तुम्हाला वाटतंय त्या जागी नाही. ते शेवटी सांगतो. आधी डेस्कटॉप का गेला ते बघू, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

तुम्ही पाइपवायर नावाचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून साउंड कार्डाला देणारा मधला प्रोग्राम, काढला, ते ठीक. पण नावात पाइपवायर असलेल्या गोष्टींत लिबपाइपवायर ही लायब्ररीसुद्धा होती. ग्नोमचा विंडो मॅनेजर, म्हणजे मटर, स्क्रीन शेअर करण्यासाठी त्या लायब्ररीशी जोडलेला असतो. वेलँड या खिडक्या दाखवण्याच्या नव्या पद्धतीत ग्नोमला एखाद्या प्रोग्रामला पडद्याचं चित्र द्यायचं तर ते पाइपवायरमार्फतच जातं. लायब्ररी गेली म्हणून मटर गेला, मटर गेला म्हणून ग्नोम-शेल गेलं, आणि मालक नसलेलं बाकीचं सामान ऑटोरिमूव्हने झाडून नेलं. आवाजाचा यात काडीचा संबंध नव्हता. तुम्ही आवाज कमी करायला गेलात आणि खिडकी काढून ठेवलीत.

एपीटीने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने, हे सगळं आधी छापून दाखवलं होतं, बरं का. ती लांबलचक यादी कोणी वाचत नाही, मीही वाचत नसे. आता सवय लावून घेतली आहे की काढताना आधी नुसतं सिम्युलेट करायचं, एपीटी-गेटला मायनस एस देऊन. यादी एका पडद्यात मावली नाही तर चहा घेऊन यायचं आणि मग वाचायची.

तर मुद्दा. मी वीसेक वर्षं लिनक्स आणि बीएसडीची मशीनं सांभाळतोय. 'नको असलेली डिपेंडन्सी', म्हणजे एका पॅकेजामागून येणारं दुसरं पॅकेज, म्हणून कोणी तक्रार केली की मी एकच विचारतो: ती नुसती डिस्कवर पडली आहे, मेमरीत आली आहे, की साउंड कार्ड धरून बसली आहे? या तिन्ही तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भांडण फक्त तिसरीशी करण्यात अर्थ आहे. दुसरीशी कधीकधी. पहिलीशी जवळजवळ कधीच नाही.

पल्सऑडिओ या जुन्या सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी, लिबपल्सच घ्या. ती आजही तुमच्या डिस्कवर आहे, तुम्ही हौसेने टाकलेल्या एमपीव्हीबरोबरच ती आली. डेबियनचा एमपीव्ही तिच्याशी जोडून बांधलेला आहे. पण सर्व्हर चालू नसेल तर ती काहीही करत नाही. एमपीव्ही सुरू होताना सर्व्हरचं दार वाजवतो, आतून कोणी ओ देत नाही म्हटल्यावर सरळ अल्साकडे, म्हणजे कर्नलमधल्या आवाजाच्या व्यवस्थेकडे, जातो आणि गाणं वाजतं. लायब्ररी म्हणजे फोनची डायरी. घरात डायरी असली म्हणून फोन वाजत नाही.

डायरीचा धोका असतो तो निराळ्याच ठिकाणी, आणि त्याचं उदाहरण आवाजातलं नाही. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. त्याचा धागा त्याला सापडला तो एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरण्याच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. आता एसएसएच आणि एक्सझेडचा संबंध काय? ओपनएसएसएचने ते कधी मागितलंच नव्हतं. डेबियन, फेडोरासारख्या वितरणांनी एसएसएचडीला, म्हणजे एसएसएचच्या सर्व्हरला, लिबसिस्टमडी ही सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीची लायब्ररी जोडली होती, 'मी सुरू झालो' एवढा निरोप देण्यासाठी, आणि लिबसिस्टमडीच्या मागून लिबएलझेडएमए ही एक्सझेडची लायब्ररी आली. एका ओळीच्या निरोपासाठी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने चालणाऱ्या प्रोग्राममध्ये पाहुण्याचा पाहुणा येऊन बसला. पुढे ओपनएसएसएचने तो निरोप स्वतःच्या कोडमधून द्यायला सुरुवात केली, ती लायब्ररी न घेता. नेटवर्कला तोंड देणाऱ्या, रूटने चालणाऱ्या प्रोग्रामच्या डिपेंडन्सी मी एकेक करून तपासतो. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामच्या नाही. तुमची चिकित्सा करायची हौस चांगली आहे, ती तिकडे वळवा.

आता पॅकेज मॅनेजरच्या भाषेबद्दल, कारण डेबियनमध्ये 'लागतं' या शब्दाचे तीन अर्थ होतात. डिपेंड्स म्हणजे त्याशिवाय चालणारच नाही. रेकमेंड्स म्हणजे अगदी वेगळी मांडणी सोडली तर सगळ्यांकडे असायला हवं. सजेस्ट्स म्हणजे असलं तर बरं. डेबियन ५ पासून, म्हणजे २००९ च्या लेनीपासून, एपीटी रेकमेंड्सही आपण होऊन टाकतो. तुम्हाला जे लटांबर दिसलं त्यातलं बरंचसं या मधल्या दारातून आलेलं असतं. एखादं पॅकेज का आलं हे विचारायला एप्टिट्यूडची 'व्हाय' ही कमांड आहे. पॅकेजचं नाव द्या, ती साखळी छापते आणि प्रत्येक कडीपुढे डिपेंड्स आहे की रेकमेंड्स तेही दाखवते. एवढी एक कमांड आधी चालवली असती तर तुमचा डेस्कटॉप वाचला असता.

रेकमेंड्स नको असतील तर तसा पर्याय देऊन इन्स्टॉल करता येतं, किंवा एपीटीच्या कॉन्फिगरेशनमध्ये कायमचं बंदही करता येतं. कायमचं बंद करू नका. मी केलं होतं. नव्या लॅपटॉपवर स्पीकर चालू, माइक गायब. दोन संध्याकाळी कर्नलचे लॉग चाळले. शेवटी कळलं की अल्साची यूसीएम नावाची प्रोफाइलं, म्हणजे कुठल्या यंत्रावर कुठला माइक कुठल्या वाटेने चालू करायचा याची लेखी पत्रिका, वेगळ्या पॅकेजात असते आणि ते रेकमेंड्समधून येतं. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपवर याहून वाईट प्रकार होतो. तिथे आवाज सांभाळणाऱ्या चिपला स्वतःचं फर्मवेअर लागतं, साउंड ओपन फर्मवेअर. नावात ओपन आहे, सोर्सही खुला आहे, पण बहुतेक लॅपटॉपवर ते इंटेलच्या सहीचंच लागतं. म्हणून डेबियनमध्ये ते नॉन-फ्री-फर्मवेअर या विभागात आहे. ते नसेल तर साउंड कार्डच दिसत नाही, मग त्यावर कोणता सर्व्हर हवा याची चर्चा कशाला! तुमच्या जुन्या यंत्रावर हे लागणार नाही, साधा एचडीए इंटेल ड्रायव्हर पुरतो. पण उद्या नवीन घेतलात तर ध्यानात असू द्या.

आणि स्पीच-डिस्पॅचर. तुम्ही त्याला 'हे कुठलं भूत' म्हटलंय. ते प्रोग्रामांना बोलायला लावणारं मधलं पॅकेज आहे, ओर्का हा स्क्रीन रीडर त्यातूनच बोलतो, आणि त्याच्या मागे बहुधा ईस्पीक-एनजी असतं. त्यात मराठीही आहे. आवाज यंत्रमानवासारखा, ज्ञानेश्वरचं काय होतं ते ऐकवत नाही, पण बोलतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेच्या वाचनकक्षातली दहा मशीनं मी 'हलकी' करून दिली होती. यादीत स्पीच-डिस्पॅचर दिसलं, 'इथे कशाला' म्हणून काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: सर, मशीन सुरू होतंय पण बोलत नाही, मुलं नुसती बसून आहेत. कक्ष अंध विद्यार्थ्यांचा होता. मला ठाऊक होतं, मी तिथे दोन दिवस काम करत होतो. तरीही काढलं, कारण माझ्या डोक्यात माझी यादी होती. तुमच्या मशीनवरून ते खुशाल काढा. फक्त भूत म्हणू नका.

मग मूळ प्रश्नाकडे. अल्सा कर्नलमध्ये आहेच, तर वर सर्व्हर कशाला?

थोडा इतिहास सांगावा लागेल, कारण त्याशिवाय हे सगळं कोणीतरी मुद्दाम लादल्यासारखं वाटतं. लिनक्समध्ये आधी ओएसएस होतं, हानू साव्होलाइनेनने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेलं. स्लॅश डेव्ह स्लॅश डीएसपी नावाची एक फाइल, ती उघडा, त्यात आवाजाचे आकडे ओता, झालं. अडचण एवढीच की एका वेळी एकाच प्रोग्रामला ती मिळायची. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेलाने अल्सा सुरू केलं आणि डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून तेच मुख्य झालं. त्या काळात साउंड ब्लास्टर लाइव्हसारख्या कार्डांवर अनेक आवाज एकत्र करण्याचं काम कार्डच करायचं. मग मदरबोर्डवरचे स्वस्त कोडेक, म्हणजे आवाजाच्या साध्या चिपा, आले आणि मिसळण्याचं काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात पडलं. ग्नोमकडे ईएसडी होता, केडीईकडे एआरटीएस, आणि दोघांनाही कार्ड हवं असे. ज्याने आधी धरलं त्याचा आवाज. त्या वर्षांत मी गाणं लावलं की मेसेंजरची घंटा मुकी व्हायची, आणि आधी घंटा वाजली तर गाणं अडायचं.

लिनक्सच्या मंडळींनी मिसळणं कर्नलमध्ये घ्यायचं नाही असं ठरवलं. कर्नलमध्ये दशांश गणित टाळायचं, धोरण वर ठेवायचं. हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पण त्याची किंमत आपण आजवर देतोय. अल्साने डीमिक्स आणलं, ते मिसळतं, आणि २००५ पासून साध्या कार्डांवर आपोआप चालूही असतं. म्हणूनच तुमच्याकडे सर्व्हर नसताना दोन एमपीव्ही एकत्र वाजतील, करून बघा.

पल्सऑडिओ लेनार्ट पोएटरिंगने २००४ मध्ये पॉलिपऑडिओ या नावाने सुरू केलं. नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ मध्ये ते मुळातच चालू आलं, एप्रिल २००८ च्या उबुंटूत आलं, आणि पुढची दोन वर्षं लोकांनी त्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या. निम्म्या शिव्या चुकीच्या पत्त्यावर गेल्या. पल्स टायमर लावून 'कार्ड आता कुठपर्यंत वाजवून झालंय' हे ड्रायव्हरला विचारायचं, आणि अनेक ड्रायव्हर खोटं सांगायचे. त्याआधी हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने त्यांना कोणी विचारलाच नव्हता. आवाज फाटायचा आणि दोष पल्सच्या माथी. पण उरलेल्या निम्म्या शिव्या रास्त होत्या. अर्धंकच्चं सॉफ्टवेअर सगळ्यांच्या मशीनवर चढवलं, आणि मारलं तरी ते परत उठायचं. त्याला ऑटोस्पॉन म्हणतात. किल केलं की पुढचाच प्रोग्राम त्याला पुन्हा जन्माला घालतो. पल्सवाल्या जुन्या मशीनवर ते खरंच बंद करायचं असेल तर क्लायंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये ऑटोस्पॉन 'नो' करायचं, आणि सिस्टमडी असेल तर युजरच्या सॉकेट आणि सर्व्हिस दोन्हींना मास्क लावायचा. एकालाच लावला तर दुसरं उठवतं.

यानंतर खरी कोंडी झाली ती वितरणांमुळे नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ब्लूझेड ५ हे लिनक्सचं ब्लूटूथ सॉफ्टवेअर आलं आणि त्याने अल्साशी असलेला थेट दुवा काढून टाकला. ब्लूटूथचा हेडफोन हवा तर मध्ये सर्व्हर हवा. स्लॅकवेअरसारखं हट्टी वितरण, जे डिपेंडन्सी सोडवून देणंही वापरणाऱ्यावर टाकतं, त्यानेसुद्धा २०१६ च्या १४.२ मध्ये पल्सऑडिओ घेतलं ते याच कारणाने. मग मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ आला आणि मोझिलाने आपल्या लिनक्स बांधणीतून अल्सा बंद केलं. कोड सोर्समध्ये ठेवला, पण बांधताना मुद्दाम चालू करावा लागतो. मोझिलाची बाजू अशी की दोन बॅकएंड, म्हणजे आवाज बाहेर पाठवायच्या दोन वाटा, सांभाळायला माणसं नाहीत आणि अल्साच्या तक्रारी संपत नाहीत. मान्य. पण त्यामुळे ज्याला फक्त ब्राउझर हवा त्याला सर्व्हर घ्यावाच लागला. तुमचा मुका फायरफॉक्स नेमका हाच.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, वितरणाचा स्वतःचा फायरफॉक्स वापरा. बांधताना अल्सा चालू ठेवलेलं असेल तर ब्राउझरच्या सपोर्टच्या पानावर, मीडियाच्या भागात, ऑडिओ बॅकएंडच्या ओळीत ते दिसेल. दुसरी, एपल्स. ही लिबपल्सच्या नावाची नकली लायब्ररी, फायरफॉक्सला वाटतं आपण सर्व्हरशी बोलतोय आणि ती गुपचूप अल्साला देते. नाव ऐकून जुगाड वाटतो, आहेच. फायरफॉक्सच्या सँडबॉक्सला, म्हणजे सुरक्षेच्या कुंपणाला, साउंडची डिव्हाइस उघडू द्यायला तुम्हाला सेटिंगमध्ये हात घालावा लागू शकतो, आणि एका अपडेटला चालणारा जुगाड पुढच्या अपडेटला चालेलच असं नाही. तिसरी, क्रोमियम. त्याला पल्स मिळालं नाही तर तो अल्सावर येतो. रॅम मात्र खातो, आणि ४ जीबीत पाइपवायर वाचवून क्रोमियम पाळणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

नुसत्या अल्सावर राहायचं ठरवलंत तर काय करावं लागेल तेही सांगतो, कारण ते वाईट नाही. माझं घरचं गाण्याचं मशीन तसंच आहे. आधी प्रॉकमधल्या असाउंडच्या कार्ड्स या फाइलीत बघा कोणती कार्डं दिसताहेत. जुन्या लॅपटॉपवर बऱ्याचदा एचडीएमआयचं कार्ड शून्य क्रमांक पटकावतं आणि स्पीकरचं एक नंबरवर जातं. मग आवाज एचडीएमआयच्या तारेत जातो, जी लावलेलीच नसते. इटीसीमधल्या असाउंड डॉट कॉन्फमध्ये दोन ओळी लिहून डिफॉल्ट कार्ड ठरवा, आणि क्रमांकाने नाही, नावाने ठरवा. क्रमांक बूटगणिक बदलू शकतो, विशेषतः यूएसबीचा माइक किंवा इंटरफेस लावलेला असेल तेव्हा. तबल्याच्या रेकॉर्डिंगला बसलेल्या मित्रासमोर हे मला उमगलं आहे. तो हात घासत बसलेला आणि मी रीबूट करत.

मग अल्सामिक्सर. आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा पट्टीखाली दोन 'एम' दिसतात, म्हणजे म्यूट. एम दाबा. हेडफोन काढल्यावरही स्पीकर मुके असतील तर ऑटो-म्यूट बघा. 'डिव्हाइस बिझी' आलं तर डेव्ह एसएनडीवर फ्यूजर चालवून कोण धरून बसलंय ते बघा. धरणारा प्रोग्राम बहुधा डीमिक्सला वळसा घालून थेट हार्डवेअरचं नाव देऊन उघडलेला असतो. हीच ती तिसरी अवस्था, कार्ड धरून बसणं. आणि गंमत अशी की ती आणायला सर्व्हर लागत नाही, एक चुकीचं सेटिंग पुरतं.

काय गमवाल? गाणं चालू असताना यूएसबी हेडफोन लावला तर आवाज आपण होऊन तिकडे जाणार नाही. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येणार नाही. ब्लूटूथसाठी ब्लूझ-अल्सा नावाचा वेगळा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, लागेल, म्हणजे एक सर्व्हर घालवून दुसरा आणला. डीमिक्स सगळं एका दराने वाजवतं, सहसा ४८,००० हर्ट्झने, त्यामुळे सीडीतली ४४,१०० ची गाणी वाटेत रूपांतरित होतात. कानाला फरक कळतो असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला कळत नाही.

पाइपवायरबद्दल मात्र तुमचा राग मला पटत नाही. विम टायमन्स या रेड हॅटच्या डेव्हलपरने ते मुळात व्हिडिओसाठी सुरू केलं, आवाज नंतर आला. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये त्याने पल्सची जागा घेतली, ऑक्टोबर २०२२ च्या उबुंटूत आलं, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ग्नोमबरोबर आलं. पल्सचे, जॅक या रेकॉर्डिंगवाल्यांच्या सर्व्हरचे आणि अल्साचे प्रोग्राम त्याच्याशी आपापल्या भाषेत बोलतात. जॅक आणि पल्स एका मशीनवर नांदवणं काय असायचं हे ज्याने भोगलंय तो पाइपवायरला नावं ठेवायच्या आधी दोनदा विचार करेल. आणि काही सेकंद काही वाजलं नाही की ते कार्ड सोडून देतं. म्हणजे माझ्या तिसऱ्या कसोटीवरही ते उतरतं. मेमरीचं म्हणाल तर बातम्यांच्या साइटचा एक टॅब त्याच्या कितीतरी पट खातो.

आता इतर सिस्टिमांचं. नको ती डिपेंडन्सी खरोखर मुळातून काढायची असेल तर सोर्सवरून पॅकेजं बांधणारं जेंटूसारखं वितरण हवं, जिथे यूज फ्लॅगमध्ये 'पल्सऑडिओ नको' लिहिलं की पॅकेज बांधतानाच तो तुकडा गळतो. बायनरी वितरणात पॅकेज बांधणाऱ्याने सगळ्यांसाठी एकच निर्णय घेतलेला असतो, आणि तो नेहमी 'असू दे' असा असतो, कारण नसल्याची तक्रार येते, असल्याची फारशी येत नाही. जेंटूची किंमत अर्थात वेळ. तुमच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स कंपाइल करायला लावाल तर रात्रभर पंखा ऐकाल, आवाजाचा प्रश्न तसाही मिटेल.

फ्रीबीएसडीने मात्र मुळातच वेगळा निर्णय घेतला. त्यांनी ओएसएसची पद्धत ठेवली, स्वतःची, कर्नलमध्ये, आणि मिसळणंही कर्नलमध्येच घेतलं. प्रत्येक प्रोग्रामला आभासी चॅनेल मिळतो, त्याला ते व्हीचॅन म्हणतात. पाच प्रोग्रामांनी डीएसपी उघडली तरी पाचही वाजतात, मध्ये कोणीही डीमन नाही. ज्याला आकडा न बदलता कार्डापर्यंत पोचवायचाय त्याच्यासाठी बिटपरफेक्ट नावाचा पर्याय आहे. मला ही रचना मनापासून आवडते. पहिल्यांदा वापरली तेव्हा सर्व्हर कुठाय म्हणून प्रोसेसची यादी तीनदा बघितली होती. पण मी सुरुवातीला म्हटलं ना, सुटका भलत्या जागी: पॅकेजांचं लटांबर तिथेही आहे. बायनरी पॅकेजं घेतलीत तर लिबपल्स तिथेही येते, कारण प्रोग्राम तेच आहेत. ती टाळायची तर पोर्टमधून, म्हणजे सोर्सवरून, बांधा आणि मेकच्या कॉन्फिगरेशनमध्ये पल्सचा पर्याय काढून टाका. एचडीएमआयने पहिला क्रमांक पटकावण्याचा खेळ तिथेही तसाच, फक्त बदलायची जागा वेगळी: डिफॉल्ट युनिटचा सिससीटीएल, म्हणजे कर्नलचं सेटिंग. ब्लूटूथच्या आवाजाला तिथेही व्हर्च्युअल ओएसएस नावाचा डीमन लागतो. आणि लॅपटॉपचं वायफाय नीट चालेल का हे डिस्क पुसण्याआधी तपासा, मी सांगितलं नाही असं नको.

ओपनबीएसडीने तिसरीच वाट धरली, आणि सगळ्यांत नेटकी मला तीच वाटते. त्यांचा एसएनडीआयओडी हा सर्व्हरच आहे, पण एवढासा, वेगळ्या बिनहक्काच्या युजरने चालणारा, आणि पहिल्या दिवसापासून चालू. प्रोग्रामांनी त्याच्याशी कसं बोलायचं ते एका मॅन पानात मावतं. माइक तिथे मुळात बंद असतो. कर्नलची एक किल्ली फिरवल्याशिवाय रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता येते, आणि नवीन माणूस तास दोन तास तार हलवत बसतो. ब्लूटूथ त्यांनी २०१४ मध्ये कर्नलमधून काढूनच टाकलं, सांभाळायला कोणी नाही म्हणून. वायरलेस हेडफोन हवाच असेल तर यूएसबीचा असा डोंगल घ्या जो जोडणी स्वतःच करतो आणि सिस्टिमला साधं यूएसबी साउंड कार्ड म्हणून दिसतो. हीच युक्ती लिनक्सवर नुसत्या अल्सालाही चालते, आणि सर्व्हर टाळायचा असेल तर ब्लूझ-अल्सापेक्षा कमी डोकेदुखीची आहे.

तुमच्या मशीनवर मी काय केलं असतं ते सांगतो. आइसडब्ल्यूएम राहू दे, ४ जीबीवर ग्नोम परत आणू नका. ती चूक चांगल्यासाठीच झाली. ब्लूटूथ लागत नसेल तर महिनाभर नुसतं अल्सा, डेबियनचा फायरफॉक्स, आणि असाउंड डॉट कॉन्फमध्ये कार्डाचं नाव. पाइपवायर चुकून कोणाच्या मागून परत येऊ नये असं वाटत असेल तर एपीटीच्या प्रेफरन्सेसमध्ये त्या सर्व्हरच्या पॅकेजांना उणे अग्रक्रम द्या, म्हणजे एपीटी ती टाकणारच नाही. फक्त लायब्ररींना हात लावू नका, 'लिब'ने सुरू होणारं काहीही त्या यादीत नको. रिकामं खोटं पॅकेज बनवून डिपेंडन्सीची समजूत काढायची इक्विव्हची युक्ती कोणी सुचवली तर ऐकून सोडून द्या. सहा महिन्यांनी आपणच केलेलं खोटं आपणच विसरतो.

महिन्याभरात हेडफोन बदलणं, व्हिडिओ कॉल यांनी जीव नकोसा झाला तर पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर ही तीन परत टाका, त्यांच्यावरचा उणे अग्रक्रम काढून. लाज वाटून घेऊ नका. मी माझ्या कामाच्या लॅपटॉपवर तेच वापरतो.

आधी एक करा: डेबियनचा फायरफॉक्स टाकून त्याच्या सपोर्टच्या पानावर ऑडिओ बॅकएंडपुढे काय लिहून येतंय ते कळवा. तिथे अल्सा दिसलं तर एपल्सच्या नादी लागायचं कारणच नाही. दुसरं काही दिसलं तर प्रॉकमधली कार्डांची यादीही सोबत पाठवा, मग पुढचं बघू.